स्वप्नात पाणी येत नाही

आमच्या वसाहतीत सकाळच्या चहाला बायकांचं एक ठरलेलं बोलणं असे. शेजारच्या काकू ओट्यावर टेकता टेकता म्हणायच्या, "रात्री गावाकडं गेलते बाई." आई विचारायची, "कोण कोण भेटलं?" मग काकू सांगायच्या. सासूबाई चुलीपुढे होत्या, दारात पाहुणे आले होते आणि पीठ संपलेलं होतं. आई म्हणायची, "मग? दळायला बसलात का?" हे सगळं इतक्या सरळ चाले की नवख्या माणसाला वाटावं, काकू खरंच रात्रीच्या एसटीनं जाऊन आल्या. पण ते गाव सत्तरच्या दशकात उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं होतं. तिथं एसटी जाणं शक्य नव्हतं.

मी गाव सोडलं तेव्हा चौथीत होते. आता माझे केस पांढरे झाले आहेत, वसाहतीतलं घर भावाकडं आहे, मी पुण्यात राहते. तरी मीही अजून गावाकडं जाते. वर्षात केव्हातरी, बहुतेक पावसाळ्याच्या तोंडाला, सलग काही रात्री ते घर येतं. नेहमी संध्याकाळ असते, ढेळजेत अंधार झालेला असतो आणि मला माजघरातून कंदील आणायचा असतो.

ते घर माळवदाचं होतं. इंदापूर-करमाळ्याकडची जुनी घरं अशीच. खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, त्यावर तुळया, कडीपाट आणि पुन्हा माती. भर उन्हाळ्यातही आत गारवा राही. मोठ्या दारातून आत आलं की ढेळज, मग चौक, चौकाच्या कडेनं सोपा, सोप्यातून माजघर. माजघरात दिवसाही उजेड यायचा तो फक्त माळवदाच्या साण्यातून. तो उजेडाचा खांब सकाळी देव्हाऱ्यावर असे, दुपारी उतरंडीवर. आज्जी त्याच्यावरून वेळ सांगायची. भिंतीतच बळद होतं, जोंधळ्यानं भरलेलं. त्याच्या खालच्या भोकातला बोळा काढला की धान्य सुर्रकन सुपात यायचं, आणि तो बोळा काढायचा मान लहान मुलांचा असे. कोनाड्यात कंदील, देवळीत पणती, दाराच्या वरच्या फळीवर कुणाकुणाची कागदपत्रं. परसात लिंबाचं झाड आणि त्यापलीकडं उताराची वाट, जी थेट भीमेच्या वाळवंटात उतरायची. उन्हाळ्यात त्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या लागत. भोई मरळ, वांब, शिंगटा घेऊन दारावर येत.

हे घर पाण्यानं पाडलं नाही. आम्हीच पाडलं. पाणी चढणार हे कळल्यावर प्रत्येकानं आपापल्या घराच्या तुळया, वासे, खण, चौकटी उतरवून बैलगाड्यांत घातल्या, कारण भरपाईच्या पैशात नवं लाकूड येणार नव्हतं. ज्या माणसांनी दर पावसाळ्याआधी त्या माळवदावर चढून चर बुजवले, मुरूम टाकला, चोपणं केली, त्यांनीच ते उघडं केलं. माजघरावरची माती निघाली आणि तिथं भर दुपारचं ऊन पडलं, तेव्हा आज्जी परसात जाऊन पाठ करून बसली. मला आज वाटतं, आमच्या साऱ्या वसाहतीच्या स्वप्नांचं बी त्या दुपारी पडलं. पूर आला, आग लागली तर माणूस दैवाला बोल लावतो. इथं हातात पहार आपलीच होती.

वसाहत वर माळावर बसली. आखीव रस्ते, सारखे प्लॉट, मध्ये शाळा, टाकी, चावडी. जुन्या गावात घरं नात्यानं चिकटलेली होती. आमच्या माळवदावरून चुलत्यांच्या माळवदावर पाय टाकता येई. नव्या जागी प्लॉटचे नंबर पडले आणि चुलते दोन गल्ल्या पलीकडं गेले. त्यांना हळद-मीठ मागायचं तर चप्पल घालून जावं लागे. सुरुवातीला पत्र्याची घरं, मग विटांची, आता स्लॅबची. आमच्या नव्या घराला जुन्या ढेळजेची चौकट बसवली, ती अजून आहे. सागाची, खालच्या उंबऱ्यावर पितळी फुलं ठोकलेली. मी माहेरी जाते तेव्हा जागेपणी तिच्यातूनच आत जाते. स्वप्नात मात्र ती चौकट जुन्या जागी असते, आणि तिच्या आत अंधार आणि गारवा असतो.

अशा स्वप्नांचा अर्थ काय, हे आपल्याकडं फार जुन्या काळापासून विचारलं जातं. पंचांगात स्वप्नफळं असतात. पडकं घर दिसलं तर अमुक, नवं दिसलं तर तमुक. आमच्या आज्जीनं ती कधी उघडून पाहिली नाहीत, आणि मला तिचं बरोबर वाटतं. ज्याला गाव बुडाल्याची बातमी आधीच कळलेली आहे त्याला शकुन कसले सांगणार? त्यापेक्षा बृहदारण्यक उपनिषदातलं म्हणणं मला जवळचं वाटतं. तिथं म्हटलं आहे की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, तळी आणि नद्याही नसतात, आणि तरी माणूस ते सारं स्वतः निर्माण करतो, कारण कर्ता तोच आहे. घर पाडणाऱ्या हातांना रात्री ते पुन्हा उभारण्याचीही मुभा आहे, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला.

पश्चिमेत फ्रॉइडनं १९०० साली स्वप्नांवरचा आपला ग्रंथ काढला, त्यात घर हे माणसाच्या देहाचं रूप म्हणूनही येतं. युंगला १९०९ मध्ये एक स्वप्न पडलं. आपलंच म्हणून वाटणारं एक मजल्यांचं घर, वर अलीकडच्या काळातली सजावट, खाली जावं तसं जुनं होत जाणारं, तळघर रोमन काळातलं आणि त्याखाली गुहेत आदिमानवाच्या दोन कवट्या. त्या घरातून त्यानं मनाच्या थरांचा सिद्धान्त बांधला. दोघंही थोर. पण दोघांच्याही लेखी स्वप्नातलं घर हे दुसऱ्याच कशाचं तरी चिन्ह आहे. आमच्या काकूंच्या लेखी घर म्हणजे घरच होतं, आणि पीठ संपलं होतं म्हणजे पीठच संपलं होतं. वर्षानुवर्षं ऐकलेल्या त्या सकाळच्या गप्पांवरून माझं मत त्यांच्या बाजूला झुकलेलं आहे.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत जे शोधलं तेही त्याच बाजूला जातं. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी दाखवल्या, ज्या प्राणी एका ठरावीक जागी आला की चेततात. जागा बदलली की दुसऱ्या पेशी चेततात. म्हणजे मेंदू जागेचा नकाशा स्वतःत धरून ठेवतो. या नकाशाच्या शोधांसाठी ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जागेपणी ज्या पेशी फिरताना एकत्र चेतल्या होत्या, त्याच नंतर झोपेतही पुन्हा एकत्र चेततात. उंदराची एका दिवसाची फेरी आणि माणसाची पन्नास वर्षांपूर्वीची ढेळज यांत अंतर मोठं आहे, ते मी विसरत नाही. पण ढेळजेतून माजघरापर्यंतची वाट मी अंधारात, हातानं भिंत चाचपत, रोज चालले होते. डाव्या हाताला रांजण, मग दोन पायऱ्या, मग वाकायचं, कारण दार बुटकं. ती वाट मला आठवावी लागत नाही. अजूनही कुठल्या अनोळखी घरात वीज गेली तर माझा डावा हात रांजणाचा गार काठ शोधतो.

आमच्या घरातल्या प्रत्येकाचं स्वप्न वेगळं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. वडील स्वप्नात बळद मोजायचे. किती पायली उरली, खळं कधी होणार, सालगड्याचं देणं किती. आई पाणी भरायची. परसातून उतरून नदीवर, आणि परतीच्या चढावर तिला नेहमी कुणीतरी हाक मारायचं. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, माळवदावर चढलेले असत, पाऊस येऊ घातलेला असे आणि चोपणं सापडत नसे. मी कंदील आणते. घर सगळ्यांचं एकच, पण कुणालाच ते नुसतं पाहायला मिळत नाही. जो तो तिथं आपलं काम करत असतो, आणि काम अर्धं राहिलेलं असतं. म्हणून मला वाटतं, जुनं घर स्वप्नात परत परत येतं ते आपण तिथं ज्या कामाचे होतो त्या कामासाठी. वडिलांच्या हातून धान्याचं कोठार गेलं आणि रेशनकार्ड आलं. तात्यांना स्लॅबवर मुरूम टाकावा लागला नाही. आईच्या दारात नळ आला, तो बरा झाला असं ती नेहमी म्हणायची आणि ते खरंही होतं. पण नदीच्या चढावर तिला हाक मारणारी जी कोण होती, ती नळावर कधी आली नाही.

आईची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिचं माहेर नदीपलीकडं, करमाळा तालुक्यात. उन्हाळ्यात पात्र आटलं की ती मला कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यातून माहेरी जायची. सकाळची भाकरी इकडं, दुपारची तिकडं. तेही गाव गेलं. घर सोडण्याची सवय आपल्याकडं बायकांना लग्नातच लावली जाते, आणि सोडलेल्या घराची आठवण जात्यावर बसून ओवीत घालायची रीतही त्यांचीच. पुरुषांना ही सवय नव्हती. धरणानं वडिलांना आणि तात्यांना त्यांच्या वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा माहेर सोडायला लावलं, असं मी कधी कधी मनाशी म्हणते. आईला ते दोनदा करावं लागलं. सासरचं घर बुडाल्यावर पहिली काही वर्षं तिच्या स्वप्नात ते यायचंच नाही, माहेरचंच यायचं. सासरचं घर यायला लागलं ते आज्जी गेल्यानंतर.

त्या दोन काठांमध्ये आता कित्येक किलोमीटर पाणी पसरलेलं आहे. सोयरीक अजून होते, पण जायचं म्हणजे मोठा वळसा किंवा लाँच. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याकडच्या कुगाववरून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आई ज्या प्रवासाला लेकराला कडेवर घेऊन निघायची, तो प्रवास आता असा झाला आहे.

पाण्यानं दिलंही पुष्कळ, ते न सांगणं अन्यायाचं होईल. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. आषाढीला चंद्रभागेत वारकरी स्नान करतात तेव्हा बहुतेक वर्षी ते पाणी उजनीतून सोडलेलं असतं. ज्या माळावर कुसळं उगवायची तिथं ऊस उभा आहे, काठानं मोटारींच्या पाइपांची रांग आहे. भिगवणला मासळीचा मोठा बाजार भरतो, त्यात मरळ क्वचित आणि चिलापी ढिगानं. हिवाळ्यात कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात आणि पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन पहाटे होड्यांत बसतात. त्याच पाण्यात पुण्याचं सांडपाणीही मुळा-मुठेतून येऊन मिसळतं. ज्यांनी गाव दिलं त्यांच्या वाट्याला लाभ सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी आला, हे माझं ठाम मत आहे. धरणग्रस्ताच्या दाखल्यासाठी आणि वर्ग दोनची जमीन वर्ग एक करण्यासाठी आमच्या गावची तिसरी पिढी अजून कचेरीच्या पायऱ्या चढते. हे आमचंच नाही. मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांसह सत्याग्रह केला, कोयनेची गावं शिवसागरात गेली, पैठणच्या वरची नाथसागरात. या प्रत्येक पाण्याच्या काठावर रात्री खाली उतरणारी माणसं असणार.

आमचं घर सहसा दिसत नाही. उजनीत जवळपास ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून अधिक मृतसाठा. त्यामुळं धरण शून्य टक्क्यांवर आलं तरी खाली साठ टीएमसीच्या वर पाणी उभंच असतं. ते वजा होत होत फार खाली गेलं तरच गावठाणं उघडी पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तसं झालं. जूनपर्यंत पाणी वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ शिखरापासून पायापर्यंत मोकळं झालं, भोवतीचे वीरगळ दिसू लागले, गाड्यांची रीघ लागली. आम्हीही आमच्या गावठाणात उतरलो. भेगाळलेला गाळ, शिंपले, जाळ्यांचे तुकडे. आमच्या घराचा पाया भावानं ओळखला, मला आधी पटला नाही. इतकं लहान? चौक चार ढांगांत संपला. ज्या माजघरात मी अंधारात हरवायची, तिथं एक कॉट कशीबशी मावली असती. रांजणाची जागा मात्र हातानं सांगितली. तिथं दगडाची बैठक होती, बरोबर डावीकडं.

तात्या आले नाहीत. म्हणाले, "मी तिथं जातोच की. आणि मला दिसतं ते धड आहे." त्यांना कुणी आग्रह केला नाही. तिथून आल्यावर माझ्या स्वप्नात काही बदल होईल असं मला वाटलं होतं. गाळ येईल, शिंपले येतील. काहीच आलं नाही. घर पूर्वीएवढंच मोठं, आणि पाणी आजवर एकदाही आलेलं नाही. वसाहतीत मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनीही हेच सांगितलं. स्वप्नात भीमा उन्हाळ्यातली असते, पात्रात, आपल्या जागी.

त्या घरात आज्जी अजून राहते. वडीलही. नव्या घरातल्या खाटेवर ज्यांनी प्राण सोडला ती माणसंदेखील स्वप्नात जुन्या घरीच भेटतात. याचं मला नवल वाटत असे, आता वाटत नाही. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथं उत्खनन केलं तेव्हा तीन हजार वर्षांमागच्या शेतकऱ्यांची घरं सापडली. ती माणसं आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत, लहान मुलांना मडक्यांत घालून. आमच्याकडं माणसं पुरत नाहीत, पण जन्मलेल्या लेकराची नाळ घराच्या मातीत पुरायचे. माझी त्या परसात आहे, वडिलांची आहे, आजोबांचीही. त्या नाळांची भरपाई कुठल्याच तक्त्यात नव्हती.

अमेरिकेत बॉस्टन शहरातली वेस्ट एंड ही कामगारांची वस्ती १९५८ पासून पुढं पाडून टाकली. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञानं तिथून उठवलेल्या माणसांशी बोलून १९६३ मध्ये लिहिलं की यांतल्या पुष्कळांचं दुःख हे थेट जवळचं माणूस गेल्याच्या दुःखासारखं आहे, आणि ते वर्षांनंतरही टिकून आहे. त्यातल्या कित्येकांना आधीपेक्षा बरी घरं मिळाली होती. हे वाचलं तेव्हा मला माझी आज्जी परसात पाठ करून बसलेली दिसली. तिच्याकडं त्या वेळी कुणीही सांत्वनाला आलं नव्हतं. माणूस गेलं असतं तर दहा दिवस गाव आलं असतं. घराचा दहावा कुणी घालत नाही. मनात राहिलेलं ते सुतक रात्री थोडं थोडं फिटत असावं.

सगळ्यांचीच स्वप्नं अशी सोसवणारी नसतात, हेही सांगायला हवं. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना कायम घर कोसळताना दिसायचं, ते ओरडत उठायचे आणि मग पहाटेपर्यंत जागे. तेव्हा त्यांना अंगारे लावले. आज अशा माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडं न्यावं. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून तो रोज मनात घोळवायचा, असा एक साधा उपचार आहे आणि पुष्कळांना त्यानं आराम पडतो.

माझ्या भाच्याचं स्वप्न मात्र मला चकित करून गेलं. तो बालेवाडीत अकराव्या मजल्यावर राहतो, संगणकाच्या नोकरीत आहे. त्याच्या स्वप्नात वसाहतीतलं पत्र्याचं घर येतं. पावसाचा आवाज, चुलीचा धूर, पत्र्याला बांधलेला झोका. ज्या घराला आम्ही कधी घर मानलंच नाही, चार दिवसांची सोय म्हणून उभं केलं, आणि स्लॅब पडला तेव्हा आनंदानं मोडलं, तेच त्याचं जुनं घर आहे. त्यात तो काय करतो असं मी विचारलं. म्हणाला, "आज्जीला वाचून दाखवत असतो. पेपर." माझ्या आईला वाचता येत नव्हतं. रोज संध्याकाळी तोच वाचून दाखवायचा.

तुमच्या घरातही कुणीतरी असं जाऊन येत असेल. वाडा पाडून इमारत झाली असेल, चाळीचा टॉवर झाला असेल, कोकणातलं घर भावकीत गेलं असेल किंवा आमच्यासारखं पाण्यात. त्यांना स्वप्नाचा अर्थ सांगू नका आणि विसरून जा असंही म्हणू नका. तिथं तुम्ही काय करत होता, एवढंच विचारा. मग एक कोरा कागद घ्या, त्यांच्या हातात पेन्सिल द्या आणि घर काढून घ्या. दार कुठल्या दिशेला, चूल कुठं, पाण्याचं भांडं कुठल्या हाताला, कुणाचं अंथरूण कुठं, नाळ कुठं पुरली. आमच्या गावठाणाचा असा कागद आम्ही तात्यांना मध्ये बसवून केला आहे, त्यात घरं आहेत, आड आहे, नदीला उतरणाऱ्या वाटा आहेत. तात्या आता नव्वदीला टेकलेत. तुमच्याकडचे थकण्याआधी तुमचा कागद करून घ्या.